चिंचेने घासलेला उत्प्रेरक

जुना म्हणाल तर मी अवघ्या सहा वर्षांचा आहे, मित्रांनो. पण आमच्यात हे वय पेन्शनीचं. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात माझ्या वाट्याला दीड ओळ आली आहे. 'जो रासायनिक अभिक्रियेचा वेग वाढवतो, पण स्वतः बदलत नाही, त्यास उत्प्रेरक म्हणतात.' परीक्षेला ही व्याख्या दोन गुणांना येते. तुम्ही ती पाठ करता, लिहिता आणि विसरता. मला विसरता येत नाही, कारण तो उत्प्रेरक मी आहे. आणि त्या ओळीतले 'स्वतः बदलत नाही' हे शब्द वाचले, की मला स्वस्थ बसवत नाही.

दिसायला मी काही खास नाही. फुटाण्याएवढ्या सुमारे तीन हजार गोळ्या, आणि त्या ज्यात ठेवतात ती स्टीलच्या जाळीची डबी. एवढा मिळून मी. गोळ्या अ‍ॅल्युमिनाच्या, म्हणजे बशीसारख्या पांढऱ्या, कडक आणि आतून छिद्राछिद्रांच्या. त्या छिद्रांत जस्त बसवलेलं असतं. खरं काम ते जस्त करतं, बाकीचा मी म्हणजे त्याची चाळ.

माझा जन्म एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत झाला. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या अनुपमा मॅडमनी मला जस्ताच्या पाण्यात भिजवलं, वाळवलं आणि भट्टीत भाजलं. पुढे माझ्या नावावर दोन बक्षिसं आली. पेपरात फोटो आला. फोटोत प्राचार्य होते, प्रमुख पाहुणे होते, पाहुण्यांचे मेहुणेही होते. मी मागच्या कपाटात लोणच्याच्या बरणीत होतो. फोटो झाला आणि कपाटाला कुलूप लागलं. दोन वर्षं मी त्या बरणीत काढली. मित्रांनो, दुसऱ्याला वेग देणाऱ्याला कुलपात ठेवणं म्हणजे काय, ते सुट्टीत शिकवणीला बसवलेल्या मुलालाच कळेल.

शेवटी मॅडम नोकरी सोडून निघाल्या, तेव्हा बरणी पर्समध्ये घालून मला घेऊन आल्या. मुंबईत मरोळच्या औद्योगिक वसाहतीत राजाराम काकांचा बिजागऱ्यांचा गाळा आहे. गाळ्याचा मागचा कोपरा मॅडमनी भाड्याने घेतला, जुन्या बाजारातून वार्निशचं एक जाड बंद भांडं आणलं, ते तपासून घेतलं, आणि मला कामाला लावलं.

काम असं. बाजारात मक्याच्या साखरेपासून केलेल्या प्लॅस्टिकचे पेले मिळतात. त्यांच्यावर हिरवं पान छापलेलं असतं आणि खाली लिहिलेलं असतं, 'मी मातीत मिसळतो.' लिहिणाऱ्याने खोटं लिहिलेलं नाही, फक्त अर्धं लिहिलं आहे. मिसळायला साठेक अंशांची ऊब लागते, तीही आठवड्यांमागून आठवडे. ती मोठ्या खतप्रकल्पात मिळते. वाकोल्याच्या नाल्यात मिळत नाही. तिथे हे पेले इतर पेल्यांसारखेच तुंबून बसतात आणि वर पान मिरवतात.

हे प्लॅस्टिक म्हणजे एक लांब साखळी असते. बंद भांड्यात मेथॅनॉल नावाचं विषारी अल्कोहोल असतं, ते या साखळीच्या कड्या सुट्या करू पाहतं. पण एकट्याने त्याला जन्म लागला असता. मी मध्ये पडतो. कडीला सैल करतो, मेथॅनॉलशी गाठ घालून देतो आणि पुढच्या कडीकडे वळतो. लग्न जुळवणाऱ्या आत्याबाईंसारखं. सगळ्यांची जुळवायची, आपण होतो तिथेच. शेवटी जे पातळ द्रव्य मिळतं त्याचं नाव मिथाइल लॅक्टेट. नाव अवघड असलं तरी काम सोपं आहे. ते शाई विरघळवतं.

आणि इथेच गोष्टीत सहदेव येतो.

सहदेव वाकोल्याचा. आजोबा बुलढाण्याहून आले, वडील पालिकेत होते, आणि सहदेवने घराखालच्या खोलीत स्क्रीन प्रिंटिंगचं टेबल टाकलं. चौकटीवर ताणलेल्या जाळीदार कापडातून शाई दाबायची, खाली टी-शर्टावर अक्षर उमटतं. वाकोल्यातले निम्मे क्रिकेट संघ सहदेवच्या अक्षरांत खेळतात. छपाई झाली की जाळीतली शाई थिनरने पुसावी लागते. बावीस वर्षं त्याने ती पुसली. पुसताना तो मान खांद्यावरून मागे वळवायचा आणि श्वास रोखायचा. सवय इतकी मुरली होती, की तो गप्पा मारतानाही मान वळवून बोले. नवख्या माणसाला वाटायचं, हा मागच्या कोणाशी तरी बोलतोय.

पावसाळ्यात त्याची छाती शिट्टी वाजवू लागली. डॉक्टरांनी सांगितलं, थिनर सोडा. सहदेवने घाटकोपरच्या शिवदासला टेबल द्यायचं कबूल केलं. शिवदास मुहूर्ताशिवाय पाऊल न टाकणारा. तो म्हणाला, दसऱ्याला दुपारच्या विजय मुहूर्तावर टेंपो घेऊन येतो.

मॅडमची आणि सहदेवची ओळख पेल्यांमुळे झाली. चौदा एप्रिलला सहदेवच्या मंडळाने सरबत वाटलं होतं, हिरव्या पानाच्या पेल्यांतून. बायकांनी ते अकराशे पेले गोळा केले, धुतले, वाळवले आणि पोत्यात भरले. आता मातीत मिसळतील म्हणून तीन महिने वाट पाहिली. पोतं होतं तसंच. मग सहदेव ते पोतं खांद्यावर घेऊन मरोळला आला.

"मॅडम, हे मिसळत नाहीत," तो मान वळवून म्हणाला. "तुम्ही काय ते बघा."

मॅडमनी माझ्याकडून काढलेली एक छोटी बाटली त्याला दिली. तिने जाळी साफ झाली. पण सहदेव धंद्याचा माणूस.

"एका बाटलीवर धंदा नाय चालत, मॅडम. आमच्याच पेल्यांतून एक कॅन काढून दाखवा. निघाला, तर शिवदासला नाय म्हणतो. नाय निघाला, तर टेबल गेलं."

"टेबल गेल्यावर काय करणार तुम्ही?"

"भावजीच्या दुकानात मोबाइलची कव्हरं विकणार." हे वाक्य त्याने मान सरळ ठेवून म्हटलं. म्हणून मला ते जास्त लागलं.

मधल्या महिन्यांत मॅडम इतर पेल्यांवर माझी वेळापत्रकं बसवत होत्या. सहदेवचं पोतं त्यांनी खास मोठ्या घाण्यासाठी राखून ठेवलं. घाणा दसऱ्याच्या सकाळी टाकायचा ठरला. मी तयार होतो. जरा काळवंडलो होतो, शाया आणि साखरा जळून अंगावर बसल्या होत्या, पण तयार होतो. तयार असणं हाच माझा रोग आहे.

मग खंडेनवमी उजाडली.

मित्रांनो, मरोळच्या गाळ्यांत खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. ती पुसायची, झेंडूची माळ घालायची, हळदकुंकू लावायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या उत्तरपूजेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. राजाराम काका मूळचे कोकणातले. त्यांचे वडील गिरणीत होते. गिरणी गेली, माळ राहिली. काका दर वर्षी तेच वाक्य म्हणत. "तीनशे चौसष्ट दिवस मशीन आपल्यासाठी. एक दिवस तिच्यासाठी."

पूजेआधीची साफसफाई जानकी मावशीची. मावशी मालवणकडच्या. गाळ्यात अशी एकही वस्तू नव्हती जी त्यांनी घासली नव्हती; एकदा त्यांनी वजनकाट्यावरचे आकडे घासून काढले होते. त्या सकाळी साडेआठला त्यांनी माझी डबी उचलली, उजेडात धरली आणि नाक मुरडलं.

"गो बाय माझे! ह्या असला काळामिचकूट पूजेक ठेवतत काय कोण?"

त्यांनी अर्धा किलो चिंच बादलीत कोळली आणि मला आत सोडलं.

चिंचेच्या आम्लाला जस्त फार आवडतं. तुमच्या घरात चिंच पितळेला चकाकी आणते ती अशीच, वरचा थर खाऊन. मावशी माया लावून चोळत होत्या आणि माझं जस्त छिद्रांतून निघून बादलीत चाललं होतं. ओरडायला मला तोंड नाही. तासाभरात मी बाळाच्या दातांसारखा शुभ्र झालो. मावशींनी डबीवर कुंकवाचं बोट लावलं, झेंडूचं फूल खोचलं आणि मला भांड्याशेजारी मांडलं. जन्मात इतकी सुंदर पूजा माझी झाली नव्हती. आणि आत मी रिकामा होतो.

दहाला मॅडम आल्या. त्यांनी डबी पाहिली. फूल काढलं. मला काट्यावर ठेवलं. अठ्ठावीस ग्रॅम कमी भरलो.

"मावशी, याला काय लावलंत?"

"चिंच. माका वाटला, करपलाहा. आता बघ कसा झकपक झाला!" मावशी हसत होत्या. मॅडमचा चेहरा पाहून हसू अर्ध्यावर थांबलं. "काय झाला गो?"

मॅडमनी सांगितलं. ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मावशींना उलट बोलता आलं असतं. आता त्या नुसत्या पदराने हात पुसत राहिल्या, कोरडे हातच.

"म्हणजे त्या सहदेवाचा टेबल..."

"नवीन गोळ्या मागवायला आठवडा जाईल."

राजाराम काका माळा ओवत बसले होते. त्यांनी सुई थांबवली. "जानके, मी तुला सांगितलेलं, मॅडमच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावू नको."

"मगे डबीर लिवूक काय झाला होता? तुमच्या बिजागऱ्यांच्या खोक्यार लिवता, ह्येच्यार कोणी लिवला?"

हे खरं होतं. मॅडमनी सहा वर्षांत माझ्यावर दोन शोधनिबंध लिहिले होते, पण डबीवर नाव लिहिलं नव्हतं.

मी तिथे पांढराशुभ्र बसून होतो. मित्रांनो, अस्वस्थ माणूस निदान येरझाऱ्या घालतो. मला तेही नाही. बरणीतली दोन वर्षं मी काम नसल्याची तक्रार करत होतो; आता काम समोर होतं, पोतं समोर होतं, आणि कामाचा मीच उरलो नव्हतो.

मॅडमनी काट्यावरचा आकडा पुन्हा वाचला. मग एकदम म्हणाल्या, "मावशी, ते पाणी कुठं ओतलंत?"

"ओतूक कशाक? अजून समई घासूची आसा. चिंच फुकट येता काय?"

मोरीत बादली होती. पाणी तपकिरी, कडेला जरा हिरवट. मावशींनी माझ्यानंतर त्यातच तांब्याचं ताम्हन आणि पूजेची घंटा घासली होती.

मॅडम बादलीजवळ उकिडव्या बसल्या. "मावशी, याचं जस्त या बादलीत आहे. सगळं इथंच आहे."

माझा जन्म आठवतो ना? जस्ताच्या पाण्यात भिजवणं, वाळवणं, भाजणं. बादलीत जस्ताचंच पाणी होतं, फक्त चिंचेचं. मावशींनी आपल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्याने ते गाळलं. आता आटवायला हवं होतं. मॅडम हीटरकडे वळल्या, तर काकांनी हात आडवा धरला. हीटरला कुंकू लागलं होतं.

"काका, उद्या दुपारी एका माणसाचा धंदा जाणार आहे."

"मॅडम, माझ्या बापानं संपातसुद्धा ही नवमी मोडली नाय." काकांनी गाळ्यात नजर फिरवली. ती चहाच्या शेगडीवर थांबली. "शेगडीवर उकळा. शेगडीची पूजा नाय करत आपण."

"का?" मॅडमनी विचारलं.

"चहा कसा बंद ठेवणार?"

शेगडीवर मी आणि चिंच रटरटलो. गाळ्याला आमटीचा वास सुटला. दोन शेजारी डोकावून जेवण आहे का विचारून गेले. पाणी दाट झालं, माझ्या छिद्रांत शिरलं, आणि पत्र्यावर दुपारच्या उन्हात मावशी मला पापडासारखी राखत बसल्या. कावळ्यावर त्या दिवशी जितक्या शिव्या पडल्या तितक्या त्याने जन्मात खाल्ल्या नसतील.

राहिली भट्टी. साचे भाजायची भट्टी शेजारच्या गाळ्यात मिथुनकडे होती. मिथुन बंगालचा, चांदीचे दागिने ओततो. भट्टीलाही माळ असणार, या भीतीने मॅडम दारातच थांबल्या.

"दीदी, आमची यंत्रांची पूजा, विश्वकर्मा, सप्टेंबरमध्येच झाली ना," मिथुन म्हणाला. तो नवा कुर्ता घालून दुर्गापूजेला निघाला होता. "भट्टी फ्री है. संध्याकाळी येऊन बंद करतो. पण हा इमली का वास कशाला?"

साडेचारशे अंशांत चार तास. चिंच जळून गेली, जस्त राहिलं. माझा दुसरा जन्म झाला, आणि या वेळी फोटोला कोणी नव्हतं. एक मावशी तेवढ्या दाराशी बसून होत्या. बसच्या वेळा चुकवून.

दसऱ्याला सकाळी सातला काकांनी उत्तरपूजा केली. या वर्षी ती जरा घाईत झाली. देव समजूतदार आहेत. सव्वासातला मी, चुरलेले अकराशे पेले आणि मेथॅनॉल भांड्यात बंद झालो. अर्धा तास काहीच झालं नाही. मी अंग चाचपत होतो. मग एक कडी सैल झाली. दुसरी झाली. पहिल्यासारखा झपाटा नव्हता; जरा अडखळत, जरा ताम्हनाच्या तांब्याला सांभाळून घेत. पण मी धावत होतो, मित्रांनो!

दोन वाजले. गाळणं झालं, ऊर्ध्वपातनही झालं. मला बाहेर काढून टेबलावर ठेवलं होतं. सहदेव आला तो पांढऱ्या सदऱ्यात, धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस म्हणून सकाळी विहारात जाऊन आलेला. काखेत शाई सुकलेली एक चौकट. कॅनकडे पाहून तो मान वळवून म्हणाला, "पाच लिटरचा म्हणाला होतात."

"साडेतीन निघालं," मॅडम म्हणाल्या. "आणि थिनरपेक्षा हळू आहे. घाई करायची नाही. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. हे सरबत नाही."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. शिवदास. सहदेवने हातमोजे चढवले आणि फोन स्पीकरवर टाकला.

"अरे, खाली टेंपो लागलाय. पोरांनी टेबल उचललंय. तू कुठंयस?"

"दोन मिनिटं थांब."

"मुहूर्त थांबतो का रे?"

सहदेवने फडकं भिजवलं आणि चौकटीवर फिरवलं. शाई जागची हलली नाही. मावशींनी डोळे मिटून घेतले. तो पुन्हा फिरवत राहिला. फोनमधून टेंपोचा हॉर्न वाजला.

"सहदेव! अठ्ठावीस मिनिटं उरली!"

एका कोपऱ्यात निळी रेघ ओघळली. मग दुसरी. जाळीतून उजेड आरपार दिसू लागला. आधी बोटभर, मग तळहाताएवढा. सहदेव वाकून पुसत होता. त्याची मान सरळ होती. नाक चौकटीपासून हातभर अंतरावर, आणि तो श्वास घेत होता. हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो थांबला. मान खांद्याकडे नेऊन पाहिली, जणू तिथे काही राहिलं होतं. पुन्हा समोर आणली.

"शिवदास," तो म्हणाला, "टेबल खाली ठेव."

"शब्द दिलायस तू मला!"

"दिला होता. छाती चालत नव्हती म्हणून दिला. माफ कर."

"अरे, पण मुहूर्ताला रिकाम्या हातानं जाऊ?"

"तिथं एक स्टूल आहे. ते घेऊन जा. माझ्याकडनं."

फोनमध्ये स्टूल ओढल्याची खरखर ऐकू आली. मग शिवदासचा आवाज आला, "पाय हलतो रे याचा." आणि फोन बंद झाला.

मावशींनी डोळे उघडले. "झाला काय ता?"

"झालं, मावशी," सहदेव म्हणाला. सरळ समोर पाहून.

त्याने आपट्याचं एक पान काढून त्यांच्या हातावर ठेवलं. तो स्वतः दसरा करत नाही; पान दारात काकांनीच त्याला दिलं होतं. मावशींनी ते घेतलं, अर्धं फाडलं आणि अर्धं माझ्या डबीवर ठेवलं.

त्याला आता पाच महिने झाले. मी अजून मरोळलाच आहे, थोडा हिरवट, थोडा मंद. दर महिन्याला वाकोल्याहून पोतं येतं आणि कॅन जातो. सहदेवची छाती थंडीत अजून वाजते. बावीस वर्षांचं थिनर पाच महिन्यांत उतरत नाही. माझ्या डबीवर मात्र आता चिठ्ठी आहे. मॅडमनी लिहिली, मावशींनी सांगितली तशी. 'ह्येका चिंच लावू नये.'

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. ज्याला जपायचं असेल त्याला आधी विचारा, की बाबा रे, तुला कशाने बरं वाटतं? त्याला तोंड नसेल, तर त्याच्याबरोबर काम करणाऱ्याला विचारा. आणि तुम्हीच ते काम करत असाल, तर डबीवर लिहून ठेवा. पेल्यावर हिरवं पान दिसलं तर तो नाल्यात टाकू नका. तो स्वतःहून कुठेही मिसळत नाही, त्याला कोणीतरी न्यावं लागतं. आणि चिंचेचं पाणी लगेच ओतू नका.

राहिली ती दीड ओळ. माझ्यात आता पूजेच्या ताम्हनाचं तांबं आहे आणि अर्धा किलो चिंचेची आठवण आहे. 'स्वतः बदलत नाही' एवढे शब्द पेन्सिलने खोडा. दोन गुण गेले तर जाऊ द्या.